घरातील संगणक आणि उपकरणे: खान्देशातील ऊन, वीज आणि धूळ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम 2001 साली सुरू झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी भुसावळजवळच्या आमच्या घरात पहिला संगणक आला. तेव्हापासून संगणक उघडणे, साफ करणे, बिघडलेला भाग शोधणे आणि जमेल तसे ते दुरुस्त करणे हा माझा छंद आहे. हा माझा व्यवसाय नाही. नातेवाईक, शेजारी आणि त्यांची मुले मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवावीत, असे बरेच दिवस मनात होते. इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडे बिघडलेला म्हणून आणलेला संगणक बहुतेक वेळा मुळात चांगला असतो आणि त्याला त्रास होत असतो तो उष्णतेचा, विजेचा किंवा धुळीचा. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी तपासाव्यात, असे मी प्रत्येकाला सांगतो.

उन्हाळ्यात दुपारी संगणक अचानक बंद पडतो आणि संध्याकाळी व्यवस्थित चालतो. असे का होते?

संगणकातील पंखा प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेत सोडतो, त्यामुळे प्रोसेसर त्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. घरगुती संगणक आणि लॅपटॉप यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी साधारण 35 अंशांपर्यंतचे तापमान दिलेले असते. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा 44-45 अंशांवर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी 40 अंश सहज असतात. एखादा प्रोसेसर काम करताना खोलीपेक्षा 40 अंशांनी अधिक तापत असेल, तर जानेवारीत तो 60 अंशांवर राहतो आणि मे महिन्यात तोच 80 अंशांच्या पुढे जातो. त्यात धूळ साचलेली असेल तर तो शंभरीजवळ पोहोचतो. तेथे पोहोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर जळण्यापासून वाचण्यासाठी संगणक बंद करून टाकतो. बंद पडणे हे त्याचे संरक्षण आहे; त्यावरून मदरबोर्ड गेला असा निष्कर्ष काढू नये.

कापूस पिकवणाऱ्या घरांत याचे आणखी एक कारण असते. काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातील एका नातेवाइकांचा संगणक मी उघडला होता. दिवाळीपासून त्यांच्या पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला होता आणि संगणक त्याच खोलीत होता. वरून पंखा स्वच्छ दिसत होता. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा त्याच्या खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर राखाडी रंगाचा, हाताला मऊ लागणारा, नमद्यासारखा एक सलग थर सापडला. चिमटीत धरून ओढल्यावर तो अखंड निघाला आणि त्यावर पात्यांच्या रेघा उमटलेल्या होत्या. हवा जाण्यासाठी जागाच उरलेली नव्हती. तो थर काढला, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारा लेप) पुसून नवी लावली आणि पंखा बसवला. त्यानंतर त्या उन्हाळ्यात तो संगणक एकदाही बंद पडला नाही.

म्हणून वर्षातून दोनदा, कापूस विकून झाल्यावर एकदा आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एकदा, संगणक अंगणात नेऊन साफ करावा. मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण जोराच्या हवेने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते.

संगणक कूलरसमोर ठेवला तर चालेल का?

खोलीत कूलर अवश्य चालू असावा, मात्र त्याचा झोत थेट संगणकावर येऊ नये. आपल्याकडे मे महिन्यातील हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या बाष्पीभवनाने कूलर तापमान बरेच उतरवतो आणि त्याचा संगणकाला फायदाच होतो. अडचण झोताबरोबर येणाऱ्या तुषारांची असते. बोअरचे पाणी जड असते आणि कूलरच्या वाळ्यावर किंवा जाळीवर जो पांढरा थर चढतो, तेच क्षार तुषारांबरोबर संगणकात जाऊन बसतात. मी स्वतः एक उन्हाळा ही चूक केली. ऑगस्टमध्ये कॅबिनेट उघडले तेव्हा यूएसबीच्या खाचांभोवती पांढरी पूड आणि तांब्याच्या भागांवर हिरवट डाग आढळले. दोन खाचा कायमच्या निकामी झाल्या.

संगणक कूलरच्या बाजूला, झोताबाहेर ठेवावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा बाहेर पडत राहते. पाऊस सुरू झाल्यावर कूलरने तापमान फारसे उतरत नाही, फक्त ओलावा वाढतो. तेव्हा संगणकाच्या खोलीत तो बंद ठेवणेच योग्य.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. संगणकात करंट उतरला आहे का?

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांनी गांभीर्याने घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बहुतेक वेळा संगणकाचा दोष नसतो; घराचे अर्थिंग काम करत नसते.

संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतील भागांना वीज पुरवणाऱ्या धातूच्या पेटीत, विजेतील अडथळे गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजकडून आणि दुसरा न्यूट्रलकडून, असे दोन्ही धातूच्या पेटीला जोडलेले असतात आणि पेटी तिसऱ्या पिनेद्वारे जमिनीला जोडलेली असावी, हे त्यात गृहीत धरलेले असते. अर्थिंग नीट असेल तर गळणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलेले असेल, किंवा कोणी तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावला असेल, तर पेटीवर फेजच्या साधारण निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपासचा दाब उभा राहतो. त्यातून मिळणारा प्रवाह फार कमी असल्याने झिणझिण्यांवर निभावते. परंतु पुढे कधी एसएमपीएस खरोखर बिघडून फेज पेटीला चिकटली, तर तोच धक्का जीवघेणा ठरू शकतो.

आता हे आपल्याकडे उन्हाळ्यातच जास्त का जाणवते, ते पाहू. अर्थिंगची सळई किंवा पत्रा जमिनीत पुरलेला असतो आणि त्याचा उपयोग माती ओली असेपर्यंतच होतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांमुळे सळई आणि माती यांचा संपर्क सुटतो. आमच्याच घरी एका मे महिन्यात मल्टिमीटरने मोजले तेव्हा फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये 228 व्होल्ट होते, पण फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जेमतेम 140. परसातील अर्थिंगच्या खड्ड्यात संध्याकाळी तीन बादल्या पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आकडा 222 झाला आणि कॅबिनेटच्या झिणझिण्या थांबल्या. अर्थात हा तात्पुरता उपाय होता; पुढे वायरमनकडून खड्डा नव्याने खणून, कोळसा आणि मीठ घालून, पाणी टाकण्यासाठी पाइप बसवून घेतला. आता मार्च लागला की आठवड्यातून एकदा तुळशीबरोबर त्या पाइपलाही पाणी मिळते.

चांगल्या अर्थिंगमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळजवळ सारखे येतात आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यातील फरक दोन-तीन व्होल्टच्या आत राहतो. ज्यांना मल्टिमीटर वापरण्याची सवय नाही, त्यांनी हे मोजमाप वायरमनकडूनच करून घ्यावे. काही जण अर्थची तार बोर्डातच न्यूट्रलला जोडून देतात. ते अत्यंत धोकादायक आहे, कारण बाहेर न्यूट्रल तुटला तर घरातील प्रत्येक धातूच्या पेटीवर फेज येते. वायरमन घरी आलेलाच असेल तर 30 मिलीॲम्पियरचे आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवण्याविषयीही त्याच्याशी बोलून घ्यावे.

संगणकासाठी स्टॅबिलायझर घ्यावा, यूपीएस घ्यावा की घरचा इन्व्हर्टर पुरेसा आहे?

लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 100–240 व्होल्ट असे छापलेले असते. याचा अर्थ, संध्याकाळी सगळ्या घरांत कूलर सुरू होऊन लाइट डिम होते आणि दाब 170 व्होल्टवर येतो, तेव्हाही तो चार्जर आपले काम बिनतक्रार करतो. लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही.

डेस्कटॉपला मात्र यूपीएस असावा. बाजारात मिळणारा 600 व्हीएचा साधा यूपीएस सुमारे 360 वॉटचा भार उचलतो आणि त्यात 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते. साध्या डेस्कटॉपला त्यावर दहा-पंधरा मिनिटे मिळतात. काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी ती पुरेशी आहेत. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढले की जवळजवळ निम्म्यावर येते, त्यामुळे एकच बॅटरी थंड हवेच्या गावी जितकी टिकते तितकी ती आपल्याकडे टिकणार नाही, हे गृहीत धरावे. यूपीएस टेबलाखाली जमिनीलगत ठेवला तर थोडा फायदा होतो.

घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर तो साइन वेव्ह आहे ना, हे पाहावे. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखे गुणगुणतात आणि काही चांगल्या प्रतीचे एसएमपीएस चालण्यास सरळ नकार देतात.

वादळात उपकरणे बंद करून ठेवली तर पुरे आहे ना?

पुरे नाही, प्लग काढावा लागतो. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, ज्या वादळांनी केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वादळांत विजेच्या ताराही एकमेकींवर आपटतात किंवा तुटतात. एका संध्याकाळी आमच्या गल्लीत पुरवठ्याचा न्यूट्रल तुटला. खांबावरून तीन फेज येतात आणि न्यूट्रल नाहीसा झाला की एखाद्या घरातील दाब 230 वरून 400 व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. स्वयंपाकघरातील बल्ब एकदम पांढराशुभ्र, डोळे दिपतील इतका पेटला आणि माझ्या वहिनींनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. त्या पाच-सहा सेकंदांत राउटरचा ॲडाप्टर आणि टीव्हीचा सेट टॉप बॉक्स जळाला होता. बल्ब नेहमीपेक्षा जास्त उजळला किंवा पंखा अचानक जोरात फिरू लागला, तर कारण शोधत बसू नये. वहिनींनी केले तेच करावे.

इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही काढून ठेवावी, कारण वीज जवळपास पडली तर तिच्यातूनही दाब आत येतो. फायबरची तार काचेची असल्याने तिच्यातून विजेचा प्रवाह येत नाही. राउटरचा प्लग काढला की झाले.

कापूस साठवलेल्या खोलीत मोबाइल चार्जिंगला लावावा का?

कधीही लावू नये. सैल प्लगमध्ये उडणारी एक ठिणगी कापसाला पुरेशी असते. त्या खोलीत एक्स्टेंशन बोर्डही ठेवू नये.

मोबाइलची किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगली आहे. ती दाबून बसवता येईल का?

फुगलेल्या बॅटरीत वायू साचलेला असतो. ती दाबणे, टोचणे किंवा पुन्हा चार्ज करणे यांतून आग लागू शकते. उपकरण बंद करून ते मातीच्या कुंडीत किंवा फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावे आणि बॅटरी बदलून घ्यावी. काढलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

लिथियम बॅटरीला उष्णता आणि शंभर टक्के भरलेली स्थिती या दोन गोष्टी एकत्र आल्या की सर्वाधिक इजा होते. मोटरसायकलच्या डिकीत किंवा शेतात बांधावर उन्हात ठेवलेला फोन सावलीत थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. लॅपटॉप सतत प्लगला लावलेला असेल तर त्यातील 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सुरू करावी.

विंडोज 10 बंद झाले म्हणतात. आमचा आठ-दहा वर्षांचा संगणक आता टाकून द्यावा का?

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. याचा अर्थ संगणक चालायचा थांबला असा नाही. सुरक्षिततेच्या नियमित दुरुस्त्या मिळणे थांबले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची एक चिप) आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, तो जुन्या संगणकात नसतो. अशा संगणकावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली बसवून देतो. मुलांचा अभ्यास, पत्रे लिहिणे, सातबारा पाहणे, व्हिडिओ पाहणे ही कामे त्यावर उत्तम होतात. मात्र हिशेबासाठी एखादा विशिष्ट विंडोज प्रोग्राम लागत असेल तर आधी त्याचा विचार करावा.

संगणक हळू चालतो म्हणून बदलायचा असेल, तर प्रथम हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवावी. जुनी फिरती डिस्क सेकंदाला साधारण 100 मेगाबाइट वाचते, तर साधी साटा एसएसडी 500 च्या वर. माझ्या एका शिक्षक शेजाऱ्यांचा संगणक सुरू होईपर्यंत त्यांचा चहा पिऊन होत असे. एसएसडी बसवल्यावर तो अर्ध्या मिनिटात तयार होऊ लागला. रॅम वाढवताना जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर3 आणि डीडीआर4 यांची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये अशा सुट्या भागांची चौकशी करता येते; दोन-तीन दुकाने फिरून, पावती घेऊनच खरेदी करावी.

धाब्याच्या घरात मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचत नाही. मोठा राउटर घ्यावा का?

दोन-दीड फूट जाडीची मातीची भिंत रेडिओ लहरी बऱ्याच प्रमाणात गिळून टाकते आणि तेथे राउटरला कितीही अँटेना असले तरी फारसा फरक पडत नाही. तीच भिंत उन्हाळ्यात खोली थंड ठेवते, तेव्हा तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीत लवकर विरते, म्हणून मागच्या खोलीसाठी 2.4 गिगाहर्ट्झ निवडावी. राउटर दाराच्या रेषेत, उंचावर ठेवावा. एवढ्यानेही जमले नाही तर मागच्या खोलीपर्यंत एक नेटवर्कची तार ओढून तेथे दुसरा, अगदी जुना राउटर बसवावा. आमच्याकडे हीच व्यवस्था आहे.

संगणकावर मराठी आणि अहिराणी लिहिण्यासाठी कोणता फॉन्ट घ्यावा?

फॉन्ट विकत घेण्याची गरज नाही. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, म्हणून ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा खिचडा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि मजकूर सगळीकडे सारखाच दिसतो. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत इनस्क्रिप्ट कळफलक विनामूल्य मिळतो. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही त्याची रचना आठ-दहा दिवसांत बोटांत बसते.

‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतील अर्धा र कसा काढायचा, हे बहुतेकांना सापडत नाही. शिफ्ट दाबून इंग्रजी जे ची कळ दाबावी, मग डी ची कळ दाबून हलंत द्यावा आणि पुढचे अक्षर लिहावे. एवढेच. अहिराणीसाठी वेगळे काही लागत नाही, कारण ती देवनागरीतच लिहिली जाते. माझी आई लग्नातील अहिराणी गाणी म्हणते आणि मी ती याच कळफलकाने उतरवून घेतो. आतापर्यंत एक मोठी वही भरेल एवढी झाली आहेत. ‘शुद्धलेखन तपासा’ ही सोय मात्र तेव्हा बंद करावी, नाहीतर प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते आणि आपली बोली चुकीची आहे की काय, असे मुलांना वाटू लागते.

घरातील फोटो आणि कागदपत्रे कशी जपावीत?

तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत नाशिकला बहिणीकडे असते आणि दरवर्षी दिवाळीला भाऊबीजेच्या निमित्ताने डिस्कची अदलाबदल होते. पेन ड्राइव्ह हे साठवणीचे साधन समजू नये. वापराविना उष्णतेत पडून राहिला तर त्यातील माहिती हळूहळू नष्ट होऊ शकते. हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, कारण प्रत्येक प्रयत्नागणिक उरलेली माहिती परत मिळण्याची शक्यता कमी होते.

पाली आणि उंदीर यांचा काय बंदोबस्त करावा?

मागच्या रिकाम्या खाचांवर पत्र्याची झाकणे बसवावीत. ऊब शोधत पाल एसएमपीएसमध्ये शिरते आणि शॉर्ट सर्किट होते. तारा जमिनीवर न सोडता भिंतीला खिळ्यांच्या क्लिपांनी पक्क्या कराव्यात.

संगणक अजिबात सुरू होत नाही. मदत मागताना काय सांगावे?

‘बंद पडला’ एवढ्यावरून काही समजत नाही. बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का, बीप वाजते का आणि किती वेळा, पडदा काळा राहतो की काही अक्षरे येतात, त्या वेळी लाइट डिम होती का, आदल्या दिवशी काही हलवले होते का, हे कागदावर लिहून ठेवावे. तारीख आणि वेळ दर वेळी चुकीची दिसत असेल तर मदरबोर्डवरील सीआर2032 हा 3 व्होल्टचा बटणासारखा सेल संपलेला असतो. तो किराणा दुकानातही मिळतो. पंखा फिरत असून बीप वाजत राहिली, तर प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, रॅमची पट्टी बाहेर काढावी, तिच्या पिवळ्या दातांवरून शाळेतले साधे खोडरबर हलकेच फिरवावे आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक’ वाजेपर्यंत ती पुन्हा बसवावी. माझ्याकडे आलेल्या बंद संगणकांपैकी कितीतरी याच एका उपायाने सुरू झालेले आहेत. तरीही सुरू झाला नाही, तर तो लिहिलेला कागद घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो.